सात नंबरचा ताबा

"वाघमारेबाई, येत्या रविवारी सकाळी दहाला तुम्हाला तुमच्या घरी यायचंय," पेंढारकर म्हणाले.

मी टाइपरायटरवरचे हात उचलले. "माझ्या घरी मी रोजच जाते, साहेब."

"ते नव्हे हो. सोसायटीतलं तुमचं घर. सात नंबर."

पेंढारकर आमचे हेडक्लार्क. हेडक्लार्क टायपिस्टच्या टेबलापाशी स्वतः चालत येत नाही, घंटी वाजवतो. हे चालत आले, खुर्ची ओढून बसले आणि सुपारीची डबी उघडून माझ्यापुढे धरली. सहा वर्षांत या गृहस्थांनी मला एकही फाइल हातात दिली नव्हती. टेबलाच्या कडेला ठेवायचे आणि पेन्सिलीनं माझ्याकडं ढकलायचे. त्यामुळं सुपारी बघूनच मला कळलं, की माणूस अडचणीत आहे.

गोष्ट १९८७ सालची, गाव सांगली. कचेरी सरकारी होती. कुठली ते सांगत नाही, कारण माझी पेन्शन अजून तिथूनच येते.

"माझं घर आहे, आणि मला माहीत नाही?"

"कागदावर आहे," पेंढारकर आवाज उतरवून म्हणाले. "जमीन सरकारनं स्वस्तात दिली ना, तेव्हा अटच घातली होती. सात सभासदांत निदान एक मागासवर्गीय हवा. नाहीतर जमीन सरकारजमा."

आमच्या कचेरीतल्या सहा जणांनी विश्रामबागेच्या पलीकडं बंगलेवजा घरं बांधली, हे मला ठाऊक होतं. वास्तुशांतीचे पेढे मीही खाल्ले होते, कागदावर ठेवून दिलेले. त्या सोसायटीचं नाव एकोपा सहकारी गृहनिर्माण संस्था. त्यात सातवी मी होते, एवढाच तपशील मला कुणी कळवला नव्हता.

"मग खराखुरा माणूस का नाही घेतलात?" मी विचारलं.

"असं काय बोलता? तुम्ही खऱ्याच आहात की. अर्जावर सही आहे तुमची."

सही मला आठवली. पाच वर्षांपूर्वी, दिवाळीच्या आदल्या दिवशी, स्टाफच्या कल्याणाचा कागद म्हणून त्यांनी तीन ठिकाणी फुल्या मारून दिल्या होत्या. तो नमुना टाइपही मीच केला होता, पण मी दिवसाला शंभर कागद टाइप करायची आणि सही करताना एकही वाचायची नाही. मिठाई करणारा मिठाई खात नाही, त्यातलीच गत.

"तक्रार गेलीय कुणाची तरी," पेंढारकर सांगत होते. "सभासद बोगस आहे म्हणून. रविवारी तपासनीस येतायत, मोरे नावाचे. तुम्ही आणि तुमच्या मातोश्री, दोन तास सात नंबरमध्ये बसायचं. तीन वर्षं राहतोय म्हणून सांगायचं. बास. घर आम्ही लावून देतो."

"आणि दोन तासांनी?"

"दोन तासांनी रिक्षा करून देऊ."

ते उठले, दोन पावलं गेले आणि परत फिरले. "अजून एक आहे. तपासनीस अध्यक्षांना प्रश्न विचारतील."

"मग विचारू देत की."

"अध्यक्षा तुम्ही आहात."

माझ्या तोंडातली सुपारी घशात गेली. खोकून झाल्यावर त्यांनी खुलासा केला तो असा. सहांपैकी तिघं पेंढारकरांचे, तिघं अकाउंटंट सूर्यवंशींचे. पाण्याची टाकी कुणाच्या घराच्या बाजूला बांधायची यावरून त्यांचं फाटलं होतं, आणि अध्यक्षपद समोरच्या गटाला जाऊ द्यायला कुणी तयार नव्हतं. तीन विरुद्ध तीन. शेवटी सर्वानुमते असं ठरलं, की अस्तित्वातच नसलेल्या सभासदाला अध्यक्ष करावं. त्याच्याकडून कुणालाच धोका नाही.

"वही द्या," मी म्हणाले.

"कसली?"

"प्रोसिडिंगची. मी काय काय बोलले आहे ते मला पाठ नको करायला?"

एवढं त्यांना पटलं. वही त्यांनी माझ्या हातात दिली, पेन्सिल न वापरता.

आता आमच्या खऱ्या घराबद्दल. मी आणि आई खणभागात एका खोलीत राहत होतो, आणि घरमालकानं महिनाअखेर खोली मोकळी करायला सांगितलं होतं. मुलाचं लग्न काढलंय म्हणाला. मुलगा सहावीत होता. त्यानं सांगितल्यापासूनच्या दोन महिन्यांत मी अकरा घरं पाहिली. एकानं माझं आडनाव ऐकून खोली कालच गेल्याचं सांगितलं. "भाड्याने देणे आहे" ही पाटी त्याच्याच डोक्यावर लोंबत होती. दुसऱ्याला माझी नोकरी आवडली, पगार आवडला, आम्ही दोघीच बायका आहोत तेही आवडलं. मग त्यानं विचारलं, वाघमारे म्हणजे कोणते वाघमारे? तिसऱ्यानं काहीच विचारलं नाही. त्यानं बायकोकडं पाहिलं, आणि बायकोला एकाएकी आठवलं, की विहिरीला पाणी कमी आहे.

मी घरी येऊन हे आईला सांगायची. आई म्हणायची, "सांगायचं हुतंस, वाघ मारून झाल्यात, आता घरमालक धरल्यात."

ती हसायची, पण तिची अवस्था मला दिसत होती. आई पस्तीस वर्षं एका प्रसूतिगृहात आया होती. निम्म्या गावाची पोरं तिच्या हातावर पहिल्यांदा रडली. त्यांच्या बारशाला तिला आग्रहाचं बोलावणं यायचं, आणि चहा मोरीच्या खिडकीत उपड्या घातलेल्या वेगळ्या कपातून मिळायचा. तो पिऊन, कप स्वतः विसळून, ती परत खिडकीत ठेवायची. एकदाच ती मला म्हणाली होती, "यशे, मला येक उंबरा पायजे. जितनं कुनी ऊठ म्हननार न्हाय." आयुष्यभरात तिनं माझ्याकडं एवढंच मागितलं, आणि मी सरकारी नोकर असून ते तिला देता येत नव्हतं. मला त्याची लाज वाटायची. ज्यांना वाटायला हवी होती ती माणसं मजेत होती, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं.

त्या संध्याकाळी मी वही मोठ्यानं वाचून दाखवली. आई भाकरी थापत होती.

"'अध्यक्षा श्रीमती यशोधरा वाघमारे यांनी सर्वांचे स्वागत केले. संस्थेच्या प्रगतीबद्दल समाधान व्यक्त करून त्यांनी सभासदांना परस्परांशी सलोख्याने वागण्याचे आवाहन केले.'"

"बरं बोललीस," आई म्हणाली. "फुडं?"

"'अल्पोपाहारानंतर सभा संपली.'"

"काय खाल्लंस?"

"लिहिलेलं नाही."

"तुला न्हाय दिलं आसंल."

पुढं ठराव होते. एका गटानं मांडलेल्या ठरावाला दुसरा गट अनुमोदन देत नसे, म्हणून प्रत्येक ठरावाखाली अनुमोदक मीच. टाकी पूर्वेला बांधण्याच्या ठरावाला माझं अनुमोदन होतं, आणि टाकी पश्चिमेला बांधण्याच्या ठरावालाही होतं. ठराव क्रमांक नऊ: संस्थेच्या आवारात मांस-मच्छी शिजवू नये. मांडला पेंढारकरांनी. अनुमोदन, यशोधरा वाघमारे. चुलीतल्या निखाऱ्यांवर बोंबील भाजत होते, आणि मी वाचता वाचता थांबले.

आई हसून हसून पिठाच्या हातानं डोळे पुसायला लागली.  मग तव्याकडं बघत तिनं विचारलं,

"त्या सात नंबरला उंबरा हाय का गं?"

"मी पाहिलेलं नाही, आई. दोन तासांचं नाटक आहे ते."

"नाटकातल्या घराला बी उंबरा आसतुया," ती म्हणाली आणि भाकरी उलटली.

शुक्रवारी पेंढारकरांनी मला सहा सभासदांची ताबापत्रं स्वच्छ टाइप करायला दिली. संस्थेनं घराचा ताबा अमुक सभासदाला अमुक तारखेला दिला, खाली सचिवाची म्हणजे पेंढारकरांची सही, साक्षीदाराची सही. जुन्या प्रती वाळवीनं खाल्ल्या होत्या आणि तपासनीस त्या मागणार होता.

"माझं?" मी विचारलं.

"तुमचं काय करायचंय? मागितलं तर बघू."

त्यांच्या त्या "बघू"मागं त्यांचा मेव्हणा होता. तपासणी पार पडली, की मी राजीनामा द्यायचा आणि सात नंबर मेव्हण्याच्या नावावर करायचा, असा बेत होता. हे मला सूर्यवंशींनीच जिन्यात गाठून सांगितलं; माझ्याबद्दल कळवळा होता म्हणून नव्हे, मेव्हण्याबद्दल नव्हता म्हणून. मी टेबलाशी परत गेले, कार्बन घातला आणि टाइप करत बसले.

शनिवारी आम्ही घर बघायला गेलो. सात नंबर सोसायटीच्या अगदी टोकाला होतं. त्यात सिमेंटची रिकामी पोती, गणपतीची मखर आणि पेंढारकरांच्या श्रीपादचा कॅरम ठेवलेला असायचा. ते सगळं हलवून घर धुऊन काढलं होतं, आणि सहा घरांतल्या बायका सामान आणून लावत होत्या. सूर्यवंशीवहिनींनी खाट दिली आणि लगेच म्हणाल्या, "खाट मात्र परत पाहिजे हं." पेंढारकरकाकूंनी भांडी आणली, तांब्या, पेले, ताटल्या, डबे आणि तांब्याचा एक जुना हंडा. त्यांनी ती फडताळात मांडली आणि आईकडं न बघता म्हणाल्या, "पेले, ताटल्या परत करायची काही गरज नाही. वापरून झाल्यावर ठेवून घ्या तुम्हालाच."

"व्हय," आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या आमालाच."

पेंढारकर स्वतः बाबासाहेबांचा फोटो घेऊन आले. दुकानाचं कोरं वेष्टण अजून कोपऱ्याला चिकटलेलं. तो कुठं लावायचा यावर त्यांच्या दोन्ही गटांत पंधरा मिनिटं चर्चा झाली. आईनं ती ऐकून घेतली, पिशवीतून आमच्या घरचा बाबासाहेबांचा फोटो काढला, काच पदरानं पुसली आणि दारासमोरच्या भिंतीवर, जिथं उभ्याउभ्या नमस्कार करता येतो, तिथं लावला. नवा फोटो तिनं पेंढारकरांच्या हातात परत दिला. "तुमच्या घरात लावा," म्हणाली. "चांगला हाय."

मग तिनं रिक्षातून आमची ट्रंक उतरवून घेतली. मागोमाग पाटा आणि वरवंटा.

"दोन तासांसाठी पाटा कशाला, आजी?" सूर्यवंशींनी विचारलं.

"चटनी लागंल की," आई म्हणाली. रिक्षावाल्याला पाटा उचलवेना, तेव्हा सूर्यवंशींनी एका बाजूनं हात लावला.

रविवारपर्यंत सोसायटीत एकच विषय होता: मोरे म्हणजे कोणते? मराठ्यांत मोरे आहेत, आमच्यात आहेत, आणखी चार जातींत आहेत. पेंढारकरांच्या गटाला वाटे ते आमच्यातले असावेत, म्हणून नरमाईनं बोलायचं. सूर्यवंशींना वाटे ते त्यांच्यातले, म्हणून त्यांनी लांबचं नातं शोधून ठेवलं होतं. सगळ्या गावानं मला जे विचारलं, ते एका सरकारी तपासनिसाबद्दल विचारताना या मंडळींची झोप उडाली होती. मला त्यात गंमत वाटली, हे कबूल करते.

मोरे आले ते सायकलवरून. बुटके, तुळतुळीत दाढी केलेले, हातात रेक्झिनची पिशवी. कपाळावर काही नाही, गळ्यात काही नाही, हातात अंगठी नाही. दोन्ही गटांचे चेहरे पडले.

सात नंबरच्या पुढच्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते. सहा सभासद भिंतीला लागून उभे होते, कारण खुर्च्या दोनच होत्या. मोरे दुसऱ्या खुर्चीवर बसले, वही चाळली आणि म्हणाले, "वा. अध्यक्षबाई प्रत्येक सभेला हजर. एवढा उत्साही अध्यक्ष मी जिल्ह्यात पाहिला नाही."

"फार कळकळ आहे त्यांना," पेंढारकर म्हणाले.

आईनं आतून पाणी आणलं. मोरेंनी पेला तोंडाला लावला, अर्धा रिकामा केला, आणि मग तो डोळ्यांपासून जरा लांब धरून वाचू लागले. आपल्याकडं पेल्यावर नाव कोरल्याशिवाय कुणी कुणाला देत नाही. सहा घरांतल्या शहाण्या माणसांनी आठवडाभर डोकं लढवलं, फोटो आणला, खाट आणली, आमची उत्तरं घोकून घेतली. फक्त आपल्याच भांड्यांवर आपलीच नावं आहेत, हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

"'चिरंजीव श्रीपाद पेंढारकर याच्या मौंजीबंधनाप्रीत्यर्थ सप्रेम भेट,'" मोरेंनी वाचलं. आईकडं वळून त्यांनी विचारलं, "आजी, तुमच्यात मुंज कुणाची केली?"

"श्रीपादची," आई म्हणाली. "वाचलासा की."

मोरे उठले आणि आत गेले. आम्ही सगळे मागोमाग. त्यांनी फडताळातलं एकेक भांडं हातात घेतलं. "सौभाग्यवती विजया सूर्यवंशी, हळदीकुंकू, १९८२. कैलासवासी दत्तोपंत पेंढारकर यांच्या स्मरणार्थ. चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी नलिनी हिच्या विवाहानिमित्त." हंडा त्यांनी फिरवून फिरवून पाहिला. "एका फडताळात इतकी गोत्रं? इथं पंगत होती का?"

"साहेब," पेंढारकर घाम पुसत म्हणाले, "आमच्यात एकोपाच फार आहे."

 मोरेंनी वही मिटली आणि माझ्याकडं पाहिलं. "बाई, तुम्ही सांगा. इथं कधीपासून राहता?"

तीन वर्षं, असं मला सांगायचं होतं. पेंढारकरांचे ओठ मुकाट्यानं हलतही होते, तीन, तीन. मी त्यांच्याकडं पाहिलं, मग आईकडं. ती स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसली होती. मांडी घालून, पाठ चौकटीला टेकून, हात गुडघ्यांवर मोकळे सोडून. इतकी निवांत बसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. पुढची बेरीज माझ्या मनात झटकन झाली. खरं सांगितलं तर सातही घरं जातात, आणि मी परत त्या खोलीत. खोटं सांगितलं तर त्यांची सहा घरं राहतात, आणि मी परत त्याच खोलीत. खरं बोला नाहीतर खोटं, आम्हा दोघींची रिक्षा खणभागातच जाणार होती.  मी पर्समध्ये हात घातला.

"आजपासून," मी म्हणाले.

मोरेंनी मिटलेली वही परत उघडली.

"आजपासून?"

"सभासद पाच वर्षांपासून आहे, अध्यक्ष तीन वर्षांपासून. सही माझी आहे, वही तुम्ही पाहिलीत. घराचा ताबा तेवढा राहिला होता, साहेब, तो संस्था आज देतेय. म्हणून तर मंडळी जमलीत. ही भांडी त्यांनी मला घर लावायला भेट दिली. काकू म्हणाल्या, परत करायची काही गरज नाही. होय ना, काकू?"

पेंढारकरकाकू दाराबाहेर उभ्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडं पाहिलं. "म्हणाले होते मी तसं," त्या म्हणाल्या.

"ताबापत्र?" मोरेंनी विचारलं.

मी पर्समधून कागद काढला. एक मूळ, दोन प्रती, मधले कार्बन तसेच. शुक्रवारी सहा टाइप केली होती, त्यांच्यासोबत हे सातवं. समास बाकीच्यांपेक्षा सुबक आला होता. "सचिवांची सही तेवढी राहिलीय," मी म्हणाले. "कामाच्या गडबडीत."

पेंढारकरांनी कागद हातात घेतला आणि वाचला. सहा वर्षांत माझं टायपिंग त्यांनी इतकं मन लावून कधी वाचलं नव्हतं. "हे... सभेत ठेवावं लागेल," ते म्हणाले. "अशी घाई बरी नाही."

"जरूर ठेवा," मोरे म्हणाले. "मी आजच्या तारखेला एवढंच लिहून नेतो, की अध्यक्षांना ताबा नाही. पुढचं वरिष्ठ ठरवतील. जमिनीचं काय ते त्यांच्या हातात." आणि त्यांनी आपलं पेन टोपण काढून पेंढारकरांपुढं धरलं.

पेंढारकरांनी सही केली. टोक कागदात रुतलं, तिन्ही प्रतींवर स्पष्ट उठली. साक्षीदार म्हणून सूर्यवंशी इतक्या लगबगीनं पुढं झाले, की त्यांनी दोन ठिकाणी सही केली. मेव्हण्याचा पत्ता कटला म्हणून त्यांना जो आनंद झाला, तो माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हता. मग मी अध्यक्ष म्हणून मोरेंच्या अहवालावर सही केली. या खेपेला शब्दन् शब्द वाचून.

मोरेंनी दोन बशा पोहे खाल्ले, पेल्यातलं उरलेलं पाणी संपवलं आणि पेला आईच्या हातात दिला. "जपून वापरा, आजी. श्रीपादची आठवण आहे," म्हणाले. सायकलवर टांग मारून गेले. ते कोणते मोरे, हे शेवटपर्यंत कुणालाच कळलं नाही.

फाटक लागल्याबरोबर पेंढारकर परत आले. "बाई, दोन तासांचं ठरलं होतं आपलं."

"हो," मी म्हणाले. "ते झाले. त्यापुढचे माझे."

"विश्वासघात आहे हा."

"असेल. पण तुम्ही माझ्या सहीवर घर बांधलंत, साहेब. मी तुमच्या सहीवर राहायला आले. टाइप मात्र दोन्ही वेळा मीच केलं."

"इथं नियम आहेत," त्यांचा आवाज चढला. "ठराव क्रमांक नऊ वाचलाय ना? तुमचंच अनुमोदन आहे."

"ते मागं घेते. पुढच्या सभेत ठेवा, अध्यक्षा मीच आहे."

ते पाय आपटत गेले. ते दिसेनासे झाल्यावर मी खाटेवर बसले आणि रडले. कशासाठी ते मला तेव्हा नीट कळलं नाही.  पाट्यावर चटणी वाटण्याचा आवाज आतून येत राहिला, एकसारखा.

मी त्या घरात छत्तीस वर्षं राहिले. घराचे हप्ते माझ्या पगारातून फिटले, कुणाचा उपकार राहिला नाही. अध्यक्ष मी एकोणीस वर्षं होते. दोन्ही गटांना माझ्यावाचून दुसरं कुणी चालत नसे. पण हे घर आमचं झालं असं मी ज्या क्षणाला धरते, तो सहीचा नव्हे. तो त्याच रविवारी, ऊन कलल्यावर आला.

पेंढारकरकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. उंबऱ्याच्या बाहेर. "हंडा तेवढा हवा होता," त्या म्हणाल्या. "सासूबाईंचा आहे. तो मी ठेवून घ्या म्हणाले नव्हते."

"बरुबर हाय," आई म्हणाली. "घासून ठिवलाय. आत या, च्या टाकलाय."

"नको, आत्ताच घेतला घरी."

आई आत गेली आणि चहा घेऊन आली. एकच पेला. तो तिनं काकूंपुढं धरला, आणि कोरलेली बाजू त्यांच्याकडं फिरवली. "पेला तुमचाच हाय," म्हणाली. "नाव बगा."

काकूंनी नाव पाहिलं. श्रीपादचं. पेला नाकारायचा तर पोराच्या मुंजीचा पेला नाकारायचा. घ्यायचा तर आईच्या हातून घ्यायचा. त्या किती वेळ उभ्या होत्या सांगता येत नाही. आईचा हात पुढंच होता. पस्तीस वर्षं लोकांची बाळं धरलेला हात, अजिबात हलत नव्हता.

मग काकूंनी चपला काढल्या, आत आल्या, खाटेच्या अगदी कडेला टेकल्या आणि चहा घेतला. फुंकर घालून, लहान घोटांनी, सगळा. रिकामा पेला हातात धरून त्या क्षणभर घोटाळल्या, तो कुठं ठेवायचा ते त्यांना समजेना. आईनं तो त्यांच्या हातून काढून घेतला.

"साखर जरा जास्त झालीय," काकू म्हणाल्या.

"उद्या कमी घालीन," आई म्हणाली.